सहा फेऱ्या

"त्याला सोडू नका, मॅडम," मंजुळाबाई म्हणाली. "त्यानेच माझ्या भावाला मारलं."

'त्याला' म्हणजे तिच्या नवऱ्याला, नथूला. शहाद्याकडून पोटापाण्यासाठी सिल्वाशात आलेली ही माणसं. आमलीतल्या सूत रंगवायच्या कारखान्यात नथू आणि त्याचा मेव्हणा काळू एकाच टाकीवर कामाला होते. परवा सकाळी अकरा वाजता नथूने टाकीचं झाकण सैल केलं, आत कोंडलेली वाफ उसळली आणि समोर उभा असलेला काळू भाजून मेला. नथूला कोठडीत टाकलं. सुपरवायझर कल्पेशने लिहून दिलं होतं: अडाणी माणूस, घाई केली.

कारखाना निरीक्षक शैलजा मयेकरने तो कागद वाचला आणि तिचं डोकंच फिरलं. सतरा वर्षांच्या नोकरीत प्रत्येक मेलेल्या माणसामागे तिने हाच शब्द वाचला होता. मरणारा अडाणी, मारणारा अडाणी, आणि शहाणे तेवढे सह्या ठोकायला!

ती आधी कोठडीवर गेली. नथूच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या.

"टाकीत थंड पाणी सोडल्यावर किती वेळ थांबायचं?"

"सहा फेऱ्या."

"मिनिटांत सांग."

"मले घड्याळ कळत नाही, मॅडम. पण सहा कळतात. मी सहाच मोजल्या."

हवालदार हसला. शैलजाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने लगेच तोंड आवरलं.

तिथून ती तडक कारखान्यात गेली. टाकीच्या दाबाचा काटा मोडलेला होता आणि त्याच्या काचेवर चांगली जाड धूळ होती. भिंतीवर घड्याळाचा नुसता खिळा उरला होता. टाकीसमोर चंदा नावाच्या कामगार बाईचं यंत्र होतं. रंगलेलं सूत ते वीस कोनांवर, म्हणजे कागदी शंकूंवर, एकदम गुंडाळायचं. कोन भरले की चंदा ते उतरवून रिकामे चढवायची आणि भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढायची. ही झाली एक फेरी. टाकीवरून त्या रेघा स्पष्ट दिसत.

अपघातापासून यंत्र बंदच होतं. त्या दिवशी पाळी सातला सुरू झाली आणि अकराला सगळं थांबलं. भिंतीवर त्या दिवसाच्या छत्तीस रेघा होत्या. यंत्राचा पट्टा चाकावरून ढिला लोंबत होता.

मग तिने कल्पेशची नोंदवही चाळली. टाकी थंड करण्याच्या रकान्यात महिनोन्महिने एकच आकडा होता, सहा. परवाच्या ओळीत मात्र चाळीस. तिने वही काखेत मारली आणि चंदाला बाजूला घेतलं. एक फेरी किती वेळ चालते, विचारलं. दहा मिनिटं, चंदा म्हणाली, आणि परवाही सगळं रोजच्यासारखंच होतं म्हणाली. बोलताना तिची नजर कल्पेशच्या खोलीकडे होती आणि बोटांवर ताजे फोड होते.

दुपारी शैलजाने सगळ्यांना टाकीपाशी उभं केलं. हवालदारालाही बोलावलं आणि मंजुळाबाईलाही.

"कल्पेशभाई, थंड करायला किती वेळ लागतो?"

"एक तास. तो चाळीस मिनिटांत उघडून बसला. या लोकांना मोजता कुठे येतं?"

"फेऱ्या मोजतो म्हणाला."

"त्याचं मला काय ठाऊक?"

"मग ऐका." शैलजाचा आवाज चढला. "एक फेरी दहा मिनिटांची. सहा फेऱ्या म्हणजे बरोबर एक तास. सात ते अकरा चार तास, म्हणजे चोवीस फेऱ्या व्हायला हव्यात. भिंतीवर छत्तीस आहेत. जिथे दोन व्हायच्या तिथे तीन झाल्या. यंत्र दीडपट पळत होतं! म्हणजे सहा फेऱ्या चाळीस मिनिटांतच संपल्या."

कल्पेश म्हणाला, चंदाने उगाच रेघा मारल्या असतील.

"आणि पट्टाही तिनेच लोंबवला? मोटरीवर आठ इंची चाक आहे. त्याजागी बारा इंची बसवलं की यंत्र दीडपट पळतं, पण मोठ्या चाकाला लांब पट्टा लागतो. अपघातानंतर तुम्ही घाईघाईने जुनं चाक परत लावलंत आणि पट्टा बदलायचा विसरलात. चंदा, खरं बोल आता."

चंदा रडायलाच लागली. माल लवकर हवा म्हणून साहेबांनी पाळीआधी चाक बदललं, त्या वेगाने कोन बदलताना माझी बोटं सोलून निघाली, आणि तोंड उघडलंस तर घरी बसवीन म्हणाले, असं तिने सांगून टाकलं.

"पण त्याच्या मोजण्याशी माझा काय संबंध?" कल्पेश ओरडला.

शैलजाने वही उघडून त्याच्या नाकासमोर धरली. "हे सहा कोणाच्या हातचे? सहा मिनिटांत ही टाकी थंड होते? या फेऱ्या आहेत. काटा दुरुस्त करायचा नाही, घड्याळ लावायचं नाही, म्हणून फेऱ्या मोजायची रीत तुम्हीच घालून दिलीत. मग त्याच फेऱ्या पळवल्यात आणि टाकीवरच्या दोघांना एका शब्दाने सांगितलं नाहीत. काळू गेला, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मिनिटं लिहिलीत. लाज वाटली नाही तुम्हाला?"

हवालदाराने कल्पेशचा दंड धरला.

मंजुळाबाई पुढे आली आणि भिंतीवरच्या शेवटच्या सहा रेघा तिने बोटाने एकेक करून मोजल्या.

"म्हणजे नथूचं मोजणं चुकलं नव्हतं?"

"नाही, बाई. एका फेरीनेही चुकलं नव्हतं."

हवालदार म्हणाला, तो चौकीवर जाऊन नथूला सांगेल.

"तुम्ही नका सांगू," मंजुळाबाई म्हणाली. "तीन दिवस मी त्याला खुनी म्हणतेय. मीच सांगते."