पाटीखालचं पाणी

"बाटल्या टाक इकडे! आधी माझी!" सायकल गवतात फेकून कोल्बी चराच्या उतारावरून घसरतच खाली गेला.

सुट्टीतला हा तिघांचा रोजचा कार्यक्रम; यंदा पावसामुळे आजच सुरू झाला होता. हार्म्सांच्या शेताखालून येणारा जुना खापरी नळ इथे चरात उघडतो. वर रस्त्याचं डांबर वितळत असलं, तरी नळातून पडणारं पाणी बर्फासारखं गार. त्याखाली सोड्याच्या बाटल्या ठेवायच्या, पाण्यात पाय सोडायचे आणि अख्ख्या काउंटीला नावं ठेवायची!

"ॲनिका, तुमचा नळ आटला गं!" कोल्बी खालून ओरडला.

"गप रे! काहीही!"

"आईशप्पथ! ये आणि स्वतः बघ!"

ॲनिका हार्म्स उतरून आली. नळाच्या तोंडात कोळ्याने छान जाळं विणलं होतं. तिने आत हात घातला. कोरडा ठणठणीत!

मारिसोल सगळ्यात शेवटी उतरली. तिचे आईबाबा मांसाच्या कारखान्यात कामाला लागले, तेव्हा तीन वर्षांपूर्वी ती इथे आली. कोल्बी आधी बोलतो आणि मग विचार करतो. तिचं बरोबर उलट.

"पण तुमच्या खालच्या शेतात तर तळं साचलंय," ती म्हणाली. "मग ते पाणी जातंय कुठे?"

"जातच नाहीये!" ॲनिका म्हणाली.

ही सगळी काउंटी एके काळी दलदल होती. बदकं आणि डास, दुसरं काही नाही. जमिनीखाली खापरी नळ आहेत म्हणून वर मका आहे. जूनमधला पाऊस हा नळ दरवर्षी दोन दिवसांत पिऊन टाकायचा. यंदा पाणी हललंच नव्हतं, आणि त्यात उभा असलेला मका पिवळा पडत चालला होता. बाबांनी वसंतातच सांगून टाकलं होतं, "खालचं शेत पिकलं तर राहू. नाहीतर ऑगस्टमध्ये दे मॉइनला." त्या शहरातल्या गोदामात त्यांच्यासाठी नोकरी बघून ठेवलेली होती. गेल्या वर्षी ॲनिकाच्या वर्गातले चारजण असेच गेले. शाळेचा वरचा मजला आता बंदच असतो.

"तुझे बाबा काय म्हणतात?" मारिसोलने विचारलं.

"म्हणतात, पाऊस जास्त झाला. इतिहास समितीचे मिस्टर स्ट्रँड म्हणतात, बीव्हरने झाडं कुरतडून बांध घातला असेल."

"बीव्हर!" कोल्बी खो खो हसला. "माझ्या पणजोबांनंतर इथे बीव्हर पाहिलाय कुणी? चला, आपणच शोधू!"

त्याने कुंपणाची तार तोडून दोन तुकडे केले, काटकोनात वाकवले आणि दोन्ही मुठींत सैल धरून चालू लागला. इथले शेतकरी नळ असाच शोधतात. खाली नळ आला की तारा आपोआप एकमेकींवर येतात म्हणे.

"आल्या! आल्या!"

"अरे, तू शेणावर उभा आहेस," मारिसोल म्हणाली. "तारा राहू दे. नळाचं तोंड इथे, शेत तिथे. सरळ रेषेत चला ना!"

ती सरळ रेषा त्यांना रस्त्याच्या कोपऱ्यावर घेऊन गेली. तिथे निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली एक मोठी पाटी उभी होती. काउंटीला दीडशे वर्षं झाली, म्हणून शनिवारी या पाटीचं अनावरण व्हायचं होतं. पायाखाली पचक-पचक आवाज येत होता. पाटीसाठी खणलेल्या खड्ड्यातून निघालेल्या मातीचा ढीग मागेच पडलेला होता. मारिसोलने वाकून त्यातला एक लाल, बाकदार तुकडा उचलला. मग दुसरा. मग ओंजळभर.

"हा नळ आहे," ॲनिका म्हणाली. "हा आमचा नळ आहे!"

कोल्बीने ताडपत्री वर केली आणि मोठ्याने वाचलं, "'येथे पूर्वी दलदल होती. आपल्या पूर्वजांनी स्वतःच्या हातांनी खापरी नळ घालून तिचं सोनं केलं.' अरे देवा! नळाच्या पाटीनेच नळ फोडला!" तो हसत गवतात लोळला. मग त्याचं लक्ष ॲनिकाच्या चेहऱ्याकडे गेलं आणि तो मुकाट्याने उठला.

इतिहास समितीचे अध्यक्ष मिस्टर स्ट्रँड सभागृहात पताका मोजत उभे होते. तुकडे बघितले न बघितले, तोच त्यांनी हात झटकले.

"बाळांनो, खोदायच्या आधी आम्ही जमिनीखालच्या तारा दाखवणाऱ्यांना रीतसर फोन केला होता! माणसं येऊन झेंड्या लावून गेली. लाल, पिवळ्या, सगळ्या!"

"त्या विजेच्या आणि गॅसच्या झेंड्या!" ॲनिका म्हणाली. "खापरी नळाची झेंडी कुणी लावतं का?"

"बरं, बरं. शनिवार पार पडू दे. सोमवारी बघू. आणि खुर्च्या मांडायला तुम्ही येताय ना?"

घरी ॲनिकाच्या बाबांनी ताटावरून मानही वर केली नाही. "सोमवारी बघतो म्हणाले ना ते? मग झालं."

"ओपा, तुम्ही तरी सांगा! नळ तिथूनच जातो ना?"

"माझ्या आजोबांनी घातला तो," तिचे ओपा, म्हणजे आजोबा, म्हणाले. "नेमका कुठून, ते त्यांच्यासोबतच गेलं, पोरी."

"मका सोमवारपर्यंत थांबणार आहे का?"

बाबा ताट उचलून उठले. तो बुधवार होता. पाटीच्या खड्ड्यात काँक्रीटचा ठोकळा होता, तो तिघांच्या बापालाही हलला नसता. ॲनिका रोज सकाळी शेतावर जाऊन यायची. पाणी तसंच, आणि मका आणखी पिवळा.

"खुर्च्या आपणच मांडायच्या ना?" शुक्रवारी मारिसोलने हळूच विचारलं.

शनिवारी सगळं गाव कोपऱ्यावर लोटलं. इस्त्रीचे शर्ट, डुकराच्या चॉपचा धूर, रुबार्बची आंबटगोड पाई, शाळेचा बँड! अध्यक्षांची खुर्ची तिघांनी अगदी मानाने, पाटीला खेटून मांडली. खालच्या चिखलावर त्यांनीच सुकं गवत पसरलं होतं. मिस्टर स्ट्रँड अंगापिंडाने चांगलेच भरलेले. बँडचं पहिलं गाणं संपायच्या आत खुर्चीचा मागचा पाय चिखलात रुतला. दुसऱ्या गाण्याला दुसरा!

"अरे, अरे, अरे!" त्यांनी आधाराला ताडपत्री धरली. ताडपत्री खाली आली, पाटी कलली आणि अध्यक्ष उताणे! बुडाशी पाणी बुडबुडत वर आलं. लोकांची हसता हसता पुरेवाट झाली.

ॲनिकाने माइक धरला. तिने ओंजळीतले लाल तुकडे वर केले.

"हे या पाटीच्या खड्ड्यातून निघालेत. आमचं शेत पाऊस पडल्यापासून पाण्यात आहे. आम्ही बुधवारीच सांगितलं होतं!"

हसणं खटकन थांबलं. समोर सगळे शेतकरी बसले होते. तो तुकडा कशाचा, हे तिथे कुणालाच सांगावं लागलं नाही. बाबा उठून उभे राहिले. कुणीतरी खोदायचं यंत्र आणायला पळालं, बाकीच्यांनी चांगल्या कपड्यांवरच फावडी घेतली. ठोकळा निघाला. तो थेट नळातून आरपार गेला होता! नवा तुकडा बसला, आणि संध्याकाळी चरात धो धो पाणी कोसळू लागलं.

"शाब्बास! शाब्बास पोरांनो!" चिखलाने माखलेले मिस्टर स्ट्रँड सगळ्यांसमोर म्हणाले. "चूक माझी. यांच्याइतकं डोकं आमच्या समितीत कुणालाच नव्हतं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. ओपांनी कोल्बीची पाठ इतक्या जोरात थोपटली की त्याच्या हातातली पाई शर्टावर सांडली.

ॲनिका मात्र तिथे नव्हती. ती शेतात जाऊन एक रोप उपटून बघत होती. मुळं काळी पडली होती. त्यांना कुजका वास येत होता. बाबा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"बुधवारी खोदलं असतं तर?" तिने विचारलं.

बाबांनी ते रोप तिच्या हातातून घेतलं. "थोडा वाचला असता. निदान वरच्या अंगाचा." मग ते म्हणाले, "तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

"म्हणजे दे मॉइन?"

"हो."

परतताना मिस्टर स्ट्रँड वाटेतच भेटले. "नव्या पाटीवर तुमची तिघांची नावं घालतो हं! हार्म्सांचं सगळ्यात वर!"

"पाटीवर इथे आलेल्यांची नावं असतात, मिस्टर स्ट्रँड," ॲनिका म्हणाली. "आम्ही चाललोय."

दुसऱ्या दिवशी तिघं चरावर गेले. बाटल्या धारेखाली ठेवल्या आणि पाय पाण्यात सोडले.

"पुढच्या वर्षी आपण..." कोल्बीने सुरुवात केली आणि मग उगाचच बाटली धारेखाली आणखी आत सरकवली.

ॲनिकाला रडू आवरेना. मारिसोलने तिचा हात घट्ट धरून ठेवला. बऱ्याच वेळाने ॲनिकाने नाक पुसलं.

"रोज येत जा रे इथे," ती म्हणाली. "दोघंच असलात तरी या. आणि धार थांबली, तर कुणाच्या सोमवारची वाट बघू नका. त्याच दिवशी खोदा!"