सारजाची हाक

घोड्याचा फोटो काढायला कॅमेरा लागतो हे खरं, पण त्याहून जास्त लागतात ते घोड्याचे कान. कान मागं पडले की चांगला उमदा घोडाही फोटोत रुसलेल्या जावयासारखा दिसतो. तेच कान टवकारून पुढं आले, मान उचलली गेली, की राजबिंडा. म्हणून घोड्यांचे फोटोवाले सहसा जोडीनं फिरतात. एक जण फोटो काढतो, दुसरा मागं उभा राहून हरभऱ्याचा डबा खुळखुळवतो, शीळ घालतो, नाही जमलं तर फटकन छत्री उघडतो. अनुपला असल्या जोडीदाराची गरज नव्हती. त्याच्याकडं सारजाची हाक होती.

भवानीनगरच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला अनुपचं तीन खोल्यांचं घर. वडील कारखान्यात फिटर होते आणि मोजल्याशिवाय काही मानायचं नाही, ही त्यांची शिकवण. अंगारे-धुपारे, नजर, भूतबाधा यांतलं काहीही त्या घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. आईवडील गेल्यावर घरात उरले तिघं: अनुप, छकुली नावाची तांबडी कुत्री आणि आबासाहेब नावाचा बोका. अकलूजचा बाजार असो, सारंगखेड्याची जत्रा असो नाहीतर थेट पुष्कर, तिघंही एकाच जुन्या व्हॅनमधून जायचे. छकुली पुढच्या सीटवर आणि आबासाहेब कॅमेऱ्याच्या बॅगेवर, कुणीतरी हार घालायला येईल अशा थाटात. लग्नाचं कुणी विचारलं तर अनुप म्हणायचा, "गाडीत जागा न्हाय." बोलायला जवळचं असं माणूस एकच, धाकटी बहीण पायल. ती बारामतीला दिलेली, महिन्यापूर्वीच बाळंत झालेली. माहेर म्हणजे आता दादाच, त्यामुळं सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन ती त्याच्याकडं राहायला येणार होती. त्यानं पाळणासुद्धा रंगवून ठेवला होता.

आता ती हाक.

दोन वर्षांपूर्वी कऱ्हाटीच्या सावळाराम तात्यांच्या सारजा घोडीला पांढरंशुभ्र शिंगरू झालं. तात्यांनी फोटो काढायला अनुपला बोलावलं. जमिनीवर पालथं पडून, खालून वर फोटो काढला की जनावर आहे त्यापेक्षा उंच दिसतं. अनुपला ही सवयच होती, त्यात त्याला लबाडी कधी वाटली नाही. चाळीस दिवसांचं शिंगरू त्या फोटोत पाच-सहा महिन्यांचं दिसलं. लांबच्या एका राजवर्धन नावाच्या शौकिनानं फोटोवरच पसंती कळवली आणि चौथ्या दिवशी पिकअप दारात उभी केली.

तात्या घुटमळले. "अनुप, दूध तुटायला अजून लय दिस हायत रं. फोटोत मोठं दिसलं म्हून त्यांनी गाडी धाडली. काय करावं?"

"तात्या, असं गिऱ्हाईक परत येत न्हाय," अनुप म्हणाला. "बाटलीनं पाजतील की."

पिकअप गेली. सारजा फाटकाला छाती लावून खिंकाळायला लागली. अनुपनं त्या आधी शेकडो घोड्यांचं खिंकाळणं ऐकलं होतं, पण हे तसं नव्हतं. गोठ्यातल्या म्हशींनीसुद्धा रवंथ थांबवून माना वळवल्या. बाजूच्या मळ्यातल्या दोन घोड्यांचे कान एकदम ताठ झाले. ते कान अनुपनं बघितले आणि धंद्याचा माणूस तो, त्यानं खिशातून मोबाईल काढून हात पुढं धरला. सव्वा मिनिटाचं रेकॉर्डिंग झालं. तेव्हापासून कमरेला बांधलेल्या छोट्या स्पीकरवर ते लावलं की कसलाही आडमुठा घोडा कान टवकारून उभा राहायचा. बाकीचे फोटोवाले विचारून विचारून थकले, पण अनुपनं आपलं गुपित कुणाला सांगितलं नाही.

यंदाच्या जानेवारीत माळेगाव बुद्रुकला बाजीराव नावाच्या माणसाच्या वरातीच्या घोडीचे फोटो होते. भर दुपार, ऊसतोड चालू, रस्त्यानं ट्रॅक्टर जात होते. अनुपनं हाक लावली. घोडीचे कान पुढं आले खरे, पण ते स्पीकरकडं नव्हते. ती अनुपच्या गुडघ्याशेजारी बघत होती. मग तिनं मान खाली घातली, नाकपुड्या फुगवल्या आणि नाकातल्या नाकात हलकंसं गुरगुरली. नुकतीच व्यालेली घोडी शिंगराशी बोलते, तशी.

"आयला," बाजीराव म्हणाला.

घोडीच्या मागच्या पायावरून दुधाचा ओघळ चालला होता.

"अकरा वर्षांची हाय ही. कधी गाभण बी न्हवती," बाजीराव म्हणाला. त्यानं ओघळाला बोट लावून बघितलं आणि ते धोतराला पुसलं. पुढचे फोटो त्यानं काढू दिले नाहीत.

अनुपनं घरी येऊन लॅपटॉप उघडला. जनावरांत असं कधीमधी होतं हे त्याला माहीत होतं, पण कानांचं काय? त्यानं दिवाळीपासूनचे सगळे फोटो तारखेप्रमाणं लावले. घोड्याचे दोन्ही कान जिकडं वळतात तिकडं त्याचं लक्ष असतं, त्यात चूक होत नाही. दिवाळीच्या वेळचे घोडे त्याच्या डोक्यावरून लांब, बाजाराच्या पार टोकाकडं बघत होते. डिसेंबरच्या सुरुवातीचे त्याच्या व्हॅनकडं. नाताळातले त्याच्या पाठीमागं, चार पावलांवर. वेगवेगळ्या गावचे, एकमेकांना कधी न भेटलेले साठ-सत्तर घोडे. माळेगावची घोडी सगळ्यात शेवटची.

त्यानं लॅपटॉप मिटला आणि छकुलीकडं गेला. ती आठवड्यापूर्वी व्याली होती. चार पिल्लं, चारही गुबगुबीत. छकुली पडवीतल्या पोत्यावर कुशीवर पडली होती आणि पिल्लं तिच्या पाठीमागं एकमेकांवर चढून कुंईकुंई करत होती. पोटाकडची बाजू मोकळी होती. अनुपनं पिल्लं उचलून पोटाशी लावली. छकुलीनं त्यांना तोंडानं अलगद धरून, एकेक करून, परत पाठीमागं ठेवलं.

आबासाहेब घरात नव्हता. तो व्हॅनच्या टपावर बसला होता आणि दूध दाखवलं तरी खाली उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी एक पिल्लू मेलं. अनुपनं गुरांच्या डॉक्टर दिपाली मॅडमना बोलावलं. त्यांनी छकुलीला तपासलं, ताप बघितला, सड दाबून बघितले.

"दूध येतंय. भरपूर येतंय," त्या म्हणाल्या. "पण ऱ्हात न्हाय. सगळे सड ओढून लाल झालेत बघा. पिल्लाचं काम न्हाय हे. शेजारचं करडू-बिरडू शिरतं का आत?"

"दार बंद असतंय, मॅडम."

"मग मला न्हाय सांगता येत." त्यांनी बाटली दिली, पावडर दिली, पिल्लांना ऊब द्या म्हणाल्या. जाताना पडवीच्या पायरीवर त्या थांबल्या. छकुली मान उचलून समोरची हवा चाटत होती. सावकाश, प्रेमानं, एकाच जागी. "तोंडात काय अडकलंय का बघा तिच्या," मॅडम म्हणाल्या आणि भराभर स्कूटरकडं गेल्या.

अनुपनं पिल्लांना बाटलीनं पाजलं, शर्टाच्या आत घेऊन बसला. दुसरंही गेलं. त्याच्या मुठीत मावणारं, अजून डोळेसुद्धा न उघडलेलं पिल्लू. त्याला वडील गेल्यावर आलं नसेल इतकं रडू आलं. दोन पिल्लं उरली होती आणि ती वाचवायची, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. तो उठून सारजाची खबर काढायला थेट कऱ्हाटीला गेला.

सावळाराम तात्या फाटकाजवळच खाटेवर बसले होते. गोठ्यात घोडी नव्हती.

"सारजा व्हय? ती तवाच गेली की. आठ दिस वैरणीला तोंड लावलं न्हाय," तात्या म्हणाले.

"आणि शिंगरू?"

"ते तर त्याच दिवशी. इंदापूरच्या पुढं गाडी चहाला थांबली, तवा ड्रायव्हरनं बघितलं. खाली पडलं बी न्हवतं म्हनं. फळीला टेकून उभंच्या उभं, मागं तोंड करून."

"मला कुणी बोललं न्हाय, तात्या."

"तू कवा इचारलंस?"

अनुपनं कमरेचा स्पीकर पुढं घेतला आणि हाक लावली. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. कदाचित तात्यांनी हे नेहमीचंच खिंकाळणं आहे असं म्हणावं म्हणून. तात्या खाटेवरून ताडकन उठले.

"बंद कर," ते म्हणाले. "दोन वरसं हे वाजवत फिरतूयस?" मग त्यांनी अनुपच्या गुडघ्याशेजारी नजर टाकली, लगेच काढून घेतली आणि खाट ओढत आत नेली.

रस्त्याच्या कडेला व्हॅन थांबवून अनुपनं रेकॉर्डिंग पुसलं. मोबाईलमधून, कार्डातून, घरी येऊन लॅपटॉपमधूनही. तोवर तिसरं पिल्लू थंड झालं होतं.

सकाळी चौथ्याला टॉवेलात गुंडाळून तो दिपाली मॅडमकडं निघाला. छकुलीपासून, या घरापासून लांब ठेवलं तर जगेल, असा त्याचा हिशोब. पण ते वाटेतच गेलं. फाट्यावर उसाच्या बैलगाड्यांनी रस्ता अडला होता. गाड्या हलेपर्यंत टॉवेलातली धडधड थांबली. मॅडमकडं जायचं कारणच उरलं नाही. त्यानं कालव्याच्या कडेला खड्डा केला, पिल्लाला पुरलं आणि घरी आला.

पडवीत पायल बसली होती. मांडीवर बाळ, शेजारी छकुली.

"फोनवर तू रडत होतास ना काल, दादा," ती म्हणाली. "मला ऱ्हावलं न्हाय. रिक्षा करून आले."

"किती वेळ झाला?"

"तासभर. का रे? हिला काय झालंय? माझ्या मांडीशेजारी नुसती चाटत बसलीय."

अनुपनं छकुलीला बाजूला ओढलं. "ऊठ. आत्ताच्या आत्ता घरी चल."

"अरे, चहा तरी..."

"पायल, ऊठ!"

आयुष्यात तो तिच्यावर पहिल्यांदाच ओरडला. ती घाबरून उठली. रिक्षाची वाट बघायला त्याला धीर नव्हता. त्यानं तिला व्हॅनच्या मागच्या सीटवर बसवलं, बाळाला तिच्या कुशीत दिलं आणि दार लावलं. पुढं येऊन बसेपर्यंत गाडी मागून पुन्हा एकदा किंचित दबली. पायल नीट सरकून बसली असेल, असं त्याला वाटलं.

बारामतीपर्यंत त्यानं एकदाही ब्रेकवर नीट पाय ठेवला नाही. अर्ध्या वाटेत पायल म्हणाली, "दादा, टॉवेल हाय का? बाळ झोपलंय, तरी पान्हा फुटलाय आपोआप. थांबंचना." अनुपनं न बघता हात मागं करून टॉवेल दिला. तिच्या दारात तिला उतरवलं. "मी सांगेपर्यंत तिकडं यायचं न्हाय," एवढंच बोलला. ठरलेलं माहेरपण असं तासाभरातच संपलं म्हणून तिचे डोळे भरून आले, पण तिनं मान हलवली.

परत आला तेव्हा आबासाहेब पडवीत होता. पायात घुटमळला, दूध मागितलं. छकुली कोपऱ्यात पडली होती आणि तिचे सड दगडासारखे टणक झाले होते. दूध साठलं होतं. कुणी पीत नव्हतं. ती पोत्यावरची रिकामी जागा हुंगत होती, पिल्लं शोधत होती आणि मधूनच अनुपच्या तोंडाकडं बघून कण्हत होती. म्हणजे पाठीशी लागलेलं ते गेलं. अनुपनं तिला मिठी मारली. चार पिल्लं मेली, पण ते तरी गेलं. पायल वाचली, बाळ वाचलं. त्यानं कोमट पाण्यानं छकुलीचे सड शेकले, पाळणा भिंतीकडं सरकवला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पायलच्या नवऱ्याचा, सुमितचा मेसेज आला. सोबत फोटो.

'अनुपदादा, जयभीम. काळजीचं काही नाही, पण पायलचं दूध एकदम आटल्यासारखं झालंय. बाळ लय रडतं. डॉक्टर म्हणाले, आईला विश्रांती पाहिजे. आता निवांत झोपलीय, फोटो पाठवतो.'

अनुपनं फोटो मोठा केला. खिडकीतून ऊन येत होतं. पलंगावर पायल कुशीवर झोपली होती, चेहऱ्यावर हसू. बाळ तिच्या पाठीमागं होतं, जागं, तोंड वासलेलं, मुठी आवळलेल्या. तिच्या पोटापुढची गादी मोकळी होती.

त्या मोकळ्या जागेवर तिनं हात टाकला होता. तळवा पालथा, बोटं सैल, गाढ झोपलेल्या माणसाचा हात. फक्त तो गादीला टेकला नव्हता. गादीपासून चांगला वीतभर वर होता.