अजिबात न हलणारं घुबड

घुबड माणसाचं नेहमी भलंच करतं, हे आम्हा कझाकांपैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या उपकाराची जाण ठेवून आम्ही त्याची पिसं उपटतो आणि बाळाच्या पाळण्याला नि मुलींच्या टोपीला लावतो. घुबडाचं मत अजून कुणी विचारलेलं नाही.

कुल्याशच्या टोपीवरही असाच झुपकेदार तुरा होता. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि सगळं कुटुंब मेंढ्यांसकट डोंगरावरच्या कुरणात राहायला आलं होतं.

"ऐका! पिल्लं ओरडतायत!" कुल्याश ओढ्याकाठी थबकली.

"घुबडाची ना? रोजच ओरडतात," धाकटा भाऊ तोलेगेन म्हणाला. त्याच्या तोंडात अख्खा बाउरसाक, म्हणजे कणकेचा तळलेला गोळा होता, त्यामुळे हे नुसतं "ओओतात" असं ऐकू आलं.

"रोज आई खाऊ आणते आणि ती गप्प होतात. परवापासून गप्पच होत नाहीयेत!"

"आणि आवाज किती बारीक झालाय!" चुलतबहीण साउले घाबरून म्हणाली.

कारण कड्याखालीच बसलं होतं. शहरातून पाहुणे म्हणून आलेल्या मार्लेन आगांना शृंगी घुबडाचा फोटो हवा होता. दिवस मावळला की जीपच्या बॅटरीवरचा भलामोठा दिवा ते कपारीतल्या घरट्यावर रोखत आणि आई यायची वाट बघत. आई समोरच्या कड्यावर बसून दिवा विझायची वाट बघे. दोघंही चिकाटीचे. उपाशी फक्त पिल्लं होती.

तिघं आजोबांकडे धावली. "आजोबा, त्यांना दिवा विझवायला सांगा ना!"

"पाहुण्याला 'नको' म्हणू? या दाढीनं?"

"पण पिल्लं मरतील हो!"

आजोबांनी घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमिसचा वाडगा खाली ठेवला. "कळतंय गं पोरी. पण जीभ रेटत नाही."

बाहेर येताच तोलेगेन म्हणाला, "लांडगा आला म्हणून सांगू या!"

"पाहुण्याशी खोटं? आजोबा कान उपटतील!" कुल्याशनं डोक्यावरची टोपी काढली आणि तुऱ्याकडे बघत राहिली. "खोटं कशाला? खरंच सांगू."

अंधारून येताना ओढ्यापलीकडच्या खडकावर लोकरीच्या नमद्याची एक जाडजूड गुंडाळी उभी राहिली. तिच्या डोक्यावर टोपी.

"मार्लेन आगा! मला त्या खडकावर घुबडाची पिसं दिसतायत!" कुल्याशनं हाक मारली.

आगांनी चष्मा पुसला. "अरेच्चा! शूऽऽ! कुणी हलू नका!"

"आम्ही नाही हलणार," साउले म्हणाली. "तेही नाही हलणार."

दिवा गर्रकन वळला. खटाक! खटाक!

"काय जिगर आहे! एवढ्या उजेडात पापणीसुद्धा हलत नाही!"

"फार शहाणं आहे, आगा," तोलेगेन म्हणाला आणि त्यानं स्वतःची मूठ तोंडात कोंबली.

घरट्यावर आता काळोख होता. त्या काळोखातून एक मोठी सावली आवाज न करता कपारीत उतरली. पिल्लांचा एकच गलका झाला आणि मग... सगळं गप्प! कुल्याशनं साउलेचा हात घट्ट दाबला. पुढे तिघं वेगवेगळ्या शहरांत पांगली, पण भेटली की त्या उन्हाळ्यातली तीच शांतता त्यांना आधी आठवे. मग ओल्या गवताचा वास, मग बाउरसाक.

सकाळी आगा खूश होऊन निघून गेले. आजोबा खडकावरची टोपी घेऊन आले. बराच वेळ त्यांची दाढी हलत होती, हसू मात्र बाहेर येत नव्हतं.

"शाब्बास रे पोरांनो! पाहुण्याचा मान राखलात. आणि त्याच्या आधीपासून इथं राहणारीचाही!"

शरद ऋतूत फोटो वर्तमानपत्रात आला. खाली छापलं होतं : 'शृंगी घुबड. पूर्ण वाढ झालेली मादी.'

पुढच्या वर्षी टोपी कुल्याशला लहान झाली.