डोळ्यांदेखत

भरदुपारी हवालदारीणबाई छावणीबाहेरच्या बिल्लेवाल्याच्या दुकानात शिरली, तेव्हा तो पितळी बटणं घासत बसला होता. पदकं उजळायची, त्यांच्या रंगीत फिती बदलायच्या, हा त्याचा धंदा. स्वभाव असा, की मयताला गेला तरी चार लोकांना हसवून येईल. मागच्या आठवड्यात त्याने तिला सरळ लग्नाचं विचारलं होतं. खोटं कशाला बोला, तिलाही तो फार आवडत होता. म्हणूनच ती आज नकार द्यायला आली होती.

तिने रुमाल सोडून मेलेल्या नवऱ्याचं पदक पुढे ठेवलं.

"फितीवर या दोन पट्ट्या कुठून आल्या?" बिल्लेवाला चक्रावला. "हवालदारांना तर हे एकदाच मिळालं होतं. तीच मर्दुमकी पुन्हा केली, तरच पट्टी चढते."

"हे पदक नेमकं कशाबद्दल देतात हो?"

"शत्रूला अगदी जवळून, एकट्याने, संगिनीने मारल्याबद्दल. शिवाय ते डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार जिवंत हवा. नाहीतर काय, कोणीही उठून थापा मारील!"

बाईने त्या दोन पट्ट्यांवरून बोट फिरवलं. नवऱ्याला पुरून वर्ष झालं होतं, तेव्हा तो पहिल्यांदा आला. भाडेकरूने तिचा हात धरला होता. संगीन त्याच्या पोटात घुसली, आत फिरली, आतडी फरशीवर आली. दुसरा बिचारा शाळामास्तर, तिला मागणी घालायला आलेला. त्याचा गळा चिरताना नवऱ्याने तिचे केस धरून तिची मान तिकडे वळवली होती. पोलिसांनी दोन्ही वेळा चोरांवर ढकलून हात झटकले. आपल्याला नवऱ्याने जिवंत का सोडलं, हे तिला आत्ता कळलं.

"तो येतो... तुम्ही माझा नाद सोडा," ती कशीबशी म्हणाली.

"बाई, मी जिवंत सुभेदारांच्या शिव्या खाल्ल्यात. मेलेल्या हवालदाराला कुठे भिऊ?" तो हसला आणि त्याने तिच्या हातावर हात ठेवला.

ओल्या मातीचा आणि जळक्या दारूगोळ्याचा वास आला. शटर धाडकन खाली पडलं. काळोखात बूट वाजले. बिल्लेवाल्याचं डोकं काउंटरवर आपटलं, पुन्हा आपटलं, दात तुटून फरशीवर सांडले. मग सगळं थांबलं. तिच्या बघण्यासाठी थांबलं.

बाईने डोळे गच्च मिटले. "नाही बघणार मी!" ती किंचाळली. "साक्षीदार नाही, तर पदक नाही!"

गार बोटं तिच्या पापण्यांत रुतली. नखांनी कातडी फाटली, गालांवरून रक्त ओघळलं. ती त्या बोटांना कडकडून चावली. तोंडात चिखल आला, पण डोळे तिने उघडले नाहीत. अखेर बोटं सुटली. बूट लांब गेले. शटर वर सरकल्याचा आवाज झाला.

"गेला का हो...?"

"गेला..." बिल्लेवाल्याचाच आवाज, धापा टाकणारा, तरीही हसरा. "उघडा डोळे, बाई... जिंकलात तुम्ही."

तिने डोळे उघडले.

शटर बंदच होतं. फटीतून येणाऱ्या उजेडात बिल्लेवाला काउंटरवर उताणा पडलेला दिसला. त्याच्या तोंडात नवऱ्याचा चिखलाने माखलेला पंजा घशापर्यंत कोंबलेला होता. त्याला श्वासही घेता येत नव्हता, बोलणं तर दूरच.

नवऱ्याने तिच्याकडे बघून समाधानाने मान हलवली आणि संगीन खाली आणली.