कमलचा दोरा

बसा बळवंतराव, तुमच्याच घरचा चहा आतून येतोय. तोवर आपल्या गणपत शिंप्याची गोष्ट सांगतो. मध्येच उठू नका म्हणजे झालं.

देवीच्या टेकरीच्या पायथ्याशी त्याचं दुकान, तुम्ही पाहिलंय. अक्षरओळख नाही, मग माप लिहिणार कसं? ज्याचं माप त्याचा दोरा. छाती, कंबर, उंची, सगळं गाठींत. टोकाला गिऱ्हाइकाच्या कापडाची चिंधी, आणि दोरा भिंतीवर खिळ्याला. पोर वाढलं की जुन्या गाठीपुढं नवी गाठ. गाठ बांधायची रीत त्याच्या बापाची, उलट्या फेऱ्याची. ती त्याला यायची, आणि त्याच्या पोरीला, कमलला.

काय पोर होती हो. हवालदार कोटाचं माप द्यायला पोट आत ओढून उभा राहिला, तर म्हणते, "हवालदार भिया, श्वास सोडा. असं किती दिवस राहणार?"

चौदावं लागलं आणि गुडघा सुजला. पडली असेल म्हणून हळद लावली. धारच्या वैद्याचा लेपही झाला. शेवटी इंदूरच्या डॉक्टरानं सांगितलं, हाडाचा कॅन्सर आहे, लहान पोरांत क्वचितच होतो, पाय कापला तरी भरोसा नाही. कमल म्हणाली, "बाबा, परकर घेरदार शिवा. गुडघा दिसायला नको." गणपतनं शिवला. एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात गेली ती.

नवरात्रात तिच्या नावानं एका कुमारिकेला परकर-पोलकं द्यायचं ठरलं. गणपतनं कमलच्याच दोऱ्यावरून शिवलं, तिच्या चणीच्या शेजारच्या पोरीला दिलं. काय बसलं अंगावर. गणपतची बायको सुमंगला पदर डोळ्याला लावून हसली.

दुसऱ्या साली त्याच दोऱ्यावरून शिवून तेवढ्याच उंचीच्या एका पोरीला दिलं, तर परकर पायांत यायला लागला. लोक म्हणाले, शिंप्याचा हात गेला. गणपतनं दुकानात येऊन दोरा उतरवला. त्यानं बांधलेल्या शेवटच्या गाठीपुढं आणखी एक गाठ होती. उलट्या फेऱ्याची.

"तू बांधलीस?"

"मला कुठं येते तुमची गाठ?" सुमंगला म्हणाली.

मग दर साली नवी गाठ, आणि गणपत तेवढ्या उंचीची पोर हुडकायचा. खूश असायचा हो. "बघ, तुझ्या खांद्याला लागली आता," असं बायकोला सांगायचा. एका साली पोर मिळाली नाही, कपडे पेटीत पडून राहिले. त्या साली गाठ पडली नाही. वर्षभर गणपत मान खाली घालून मशीन चालवत राहिला.

पुढच्या नवरात्रात त्यानं धारहून सुमंगलाच्या भावाची पोर आणवली. परकर नेसून ती टेकरीवर देवीला गेली. भर दुपारी, गर्दीत. जाताना पळत गेली. उतरताना मात्र गुडघा धरून एकेक पायरी टेकत आली.

"दुखतंय का गं?" सुमंगलानं विचारलं.

"दुखतंय, आत्या. पण माझा नाही वाटत गुडघा."

परकर सोडला, तसं दुखणं थांबलं. सुमंगला त्याच दिवशी नवऱ्याला म्हणाली, "बस झालं आता. लोकांच्या लेकी आहेत."

"एवढी मोठी झाली, पुरे," गणपत म्हणाला.

आणि त्यानं शब्द पाळला. त्यानंतर कमलच्या नावानं शिवणं नाही. गाठही नाही. दोरा तसाच खिळ्यावर.

परवा सुमंगला दुकानाची भिंत झाडत होती. कमलच्या दोऱ्याला दुसरा एक दोरा बांधलेला दिसला.

नवा कोरा. जेमतेम हातभर.

त्यावर गाठी, अगदी जवळजवळ. गणपतनं बोटानं चाचपल्या. एक तान्ह्या डोक्याची, एक मानेची.

नको नको म्हणणारी सुमंगला. ती खालीच बसली, दोरा गालाला लावून.

"अहो," ती म्हणाली, "थंडीच्या आत कुंची शिवायला हवी."

शिवली. ही बघा, मऊ आहे. गणपत बाहेर ओट्यावर बसलाय, आत यायला लाजतोय. तुमच्या सुनेला मुलगा झाला ना या आठवड्यात? जरा आणा त्याला बाहेर. एकदा घालून बघू, बसते का.