साखळीचा जोरलेख

२०७१ साली 'मिरज मर्दानी' या महिला कबड्डी संघाच्या जुन्या-नव्या नोंदींत प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एका नव्या रकान्याची भर पडली. गुण, चढाया, पकडी हे रकाने पहिल्यापासून होतेच. नवा रकाना होता जोराचा.

त्यासाठी डॉ. निहार तांबोळी यांनी उर्वी खराडेला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. पंचवीस वर्षांपूर्वी ती संघाची उजवी कोपरारक्षक होती.

"स्नायू आवळला की त्यावरची त्वचा थरथरते," डॉक्टर सांगू लागले. "डोळ्यांना दिसत नाही, पण मैदानावरच्या वेगवान कॅमेऱ्यांनी ती थरथर टिपलेली आहे. ती मोठी करून मोजली, की कोणत्या क्षणी कोणत्या स्नायूत किती जोर होता ते कळतं. याला आम्ही जोरलेख म्हणतो."

"म्हणजे कोण जीव तोडून खेळलं आणि कोण नाही, तेही कळणार?"

"जोर कळतो, उर्वीताई. कारण कळत नाही."

त्यांनी २०४६चा अंतिम सामना लावला. शेवटची चढाई, मिरज एका गुणाने पुढे. उर्वी आणि ऋता भोकरे हातात हात घालून साखळी करून उभ्या होत्या. प्रतिस्पर्धी खेळाडू त्या दोघींच्या मधून साखळी तोडून मध्यरेषेपलीकडे गेली, दोन गुण गेले आणि विजेतेपदही गेलं. 'खराडेचा हात सुटला,' अशी नोंद झाली. पुढच्या मोसमात उर्वीला कोणी संघात घेतलं नाही. ऋता मात्र आठ वर्षं कर्णधार होती.

पडद्यावर दोन रेघा होत्या. उर्वीची रेघ शेवटपर्यंत वर होती. ऋताची रेघ धक्का बसण्याआधीच खाली कोसळली होती.

"तिची बोटं आधी उघडली," डॉक्टर हळूच म्हणाले. "तुमचा हात सुटला नव्हता. तो सोडला गेला."

उर्वी तशीच उठून संघाच्या सराव मैदानावर गेली. ऋता आता तिथे प्रशिक्षक होती. उर्वीचा चेहरा पाहताच तिने मुलींना पळायला पाठवलं.

"जोरलेख आला ना?" तिनेच विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"त्याच क्षणी कळलं होतं. गुडघ्यावर आणखी एक मार बसला तर खेळ संपला, असं तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती चढाई करणारी अंगावर येताना दिसली आणि मी घाबरले गं."

"घाबरलीस त्याचं काही नाही. नंतर?"

"सगळे तुझ्याकडे बोट दाखवत होते. मला काही बोलावंच लागलं नाही."

"दर दिवाळीला घरी यायचीस तू. मी दरवेळी विचारायचे, खरंच माझाच हात सुटला का गं? काय म्हणायचीस?"

"विसर म्हणायचे."

"पाठीवर हात फिरवत म्हणायचीस." उर्वीचा आवाज चिरकला. "मी मुलीला कबड्डी खेळू दिली नाही, ऋता. मला वाटायचं, माझ्या हातातच काही खोट आहे."

ऋता रडू लागली. उर्वी तिथे थांबली नाही.

संघाने महिन्याभरात नोंद बदलली. सत्कार झाला, टाळ्या वाजल्या. डॉ. तांबोळींकडे अर्जांचा ढीग पडला, पण त्यात कबड्डीचे थोडेच होते. लोक लग्नाच्या, बारशाच्या, आईवडिलांच्या शेवटच्या भेटीच्या चित्रफिती पाठवत होते. मिठीत किती जोर होता, ते त्यांना हवं होतं.

सत्काराहून परतताना गाडीत नवऱ्याने, सदानंदने, उर्वीचा हात हातात घेतला. "सुटलीस बघ एकदाची," तो म्हणाला.

तिने मान डोलावली. त्याची बोटं किती आवळलेली आहेत, कोणतं बोट जरा सैल आहे, हे ती घर येईपर्यंत चाचपत राहिली.