जरा बस माझ्या मसाल्यापाशी

भुतं फक्त रात्री भेटतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचावं. ही गोष्ट भर दुपारची आहे, लालबागमधली आहे आणि माझ्या सख्ख्या मावशीच्या घरच्यांबाबत घडलेली आहे. यातलं काही खोटं निघालं असतं, तर सगळ्यात आधी मीच पेढे वाटले असते.

मागच्या वर्षीचा एप्रिल.

माझी मावसबहीण किर्ती तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. कॉटन ग्रीनला चाळीत राहते. वडील नाहीत. आई, म्हणजे माझी रखमामावशी, मासळी विकते. किर्तीचं सकाळी परळला कॉलेज आणि दुपारपासून लालबागला हरेश्वरकाकांच्या डंकावर काम. डंक म्हणजे मसाला कांडायचं मशीन. लोखंडी मुसळ वरखाली होतं आणि खालच्या उखळात मिरची कुटली जाते. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायला बायकांची झुंबड उडते. किर्ती मसाला चाळायची, पिशव्या भरायची.

पोर अगदी पिचून गेली होती. डोळे मिरचीने लाल झालेत की जागरणाने, ते कळायचं नाही. पुस्तक उघडलं की डुलकी, ताटावर बसली की डुलकी. पण ग्रॅज्युएट व्हायचंच, हा हट्ट. मावशीचा हट्ट तर तिच्याहून मोठा.

"माझ्यासारखी पाटी नको गो तुझ्या डोक्यावर," एवढंच ती म्हणायची.

आता डंकावरची एक पद्धत सांगतो. आपला मसाला कांडून होईपर्यंत बाई तिथून हलत नाही. नजर हटली तर कोणी दोन मुठी काढून घेईल, दुसऱ्याच्या मसाल्यात मिसळेल, ही भीती. उठायचंच झालं तर शेजारणीला सांगायचं, जरा बसा हां. शेजारीण 'बसते' म्हणाली, की पहिली परत येईपर्यंत ती उठत नाही.

साधी गोष्ट आहे. पण त्या साध्या गोष्टीनेच घात केला.

परीक्षा तोंडावर आली होती. जेवणाची सुट्टी होती. सगळे डंक बंद. काका माळ्यावर आडवे झालेले. किर्ती मांडीवर पुस्तक घेऊन पेंगत होती.

आणि आवाज सुरू झाला...

धप्. धप्. धप्.

कोपऱ्यातला शेवटचा डंक.

त्याच्याशेजारी स्टुलावर एक म्हातारी बसली होती. फुलाफुलांचा फ्रॉक, गळ्यात क्रॉस, पायाशी रिकाम्या बाटल्यांची पिशवी. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती बायका बाटल्यांत भरायचा बॉटल मसाला करायला नेहमीच येतात, त्यामुळे किर्तीला त्यात काही वावगं वाटलं नाही. ही आत कधी आली, तेवढं आठवेना.

म्हातारीने तिच्याकडे बघितलं. किर्ती सांगते, एवढा दमलेला चेहरा तिने आयुष्यात बघितला नव्हता.

"बाय, जरा बस गो माझ्या मसाल्यापाशी."

"जा तुम्ही. बसते मी."

दिवसातून दहा वेळा म्हणायची ती हे. अर्धवट झोपेतच उठली आणि स्टुलावर जाऊन बसली. म्हातारी बाहेर गेली. मागे वळूनही बघितलं नाही तिने.

एक गोष्ट किर्तीच्या फार उशिरा लक्षात आली. डंकाच्या दारात पाऊल टाकलं की माणूस शिंकतंच. गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो...

ती बाई एकदाही शिंकली नव्हती.

"तिथे काय करतेस गं?" काका माळ्यावरून उतरले होते.

"एका बाईंचा मसाला आहे. त्या येईपर्यंत बसलेय."

"कुठला मसाला? तो डंक बंद आहे."

किर्तीने खाली बघितलं. उखळात जळमटं होती. मशीनचा पट्टा काढून कधीचा खिळ्याला टांगलेला. आवाज थांबला होता, पण कधी थांबला ते तिला सांगता येईना.

काकांचा चेहरा पडला. "आज घरी जा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मावशी मासळी आणायला धक्क्यावर जायला उठली, तर किर्ती अंथरुणात बसलेली. पाय पोटाशी घेतलेले. डोळे सताड उघडे.

"अभ्यास करतेस?"

"नाही. बसलेय."

"कशाला?"

"ती येईल ना परत..."

उजाडल्यावर किर्तीला यातलं काही आठवत नव्हतं. पण मग रोज तेच. पाठ जमिनीला लागेना. मावशीला वाटलं, परीक्षेची धास्ती. लिंबू उतरवून टाकलं, डोक्याला तेल घातलं. पोर दिवसेंदिवस वाळत चालली.

पहिला पेपर आला.

पुढचं मला तिच्या मैत्रिणीने, नूपुरने सांगितलं. ती मागच्याच बाकावर होती. पेपर सुरू झाला आणि नूपुरला शिंक आली. मग पलीकडच्या मुलीला. मग पुढच्या रांगेला. मॅडम तोंडाला पदर लावून खिडक्या उघडत सुटल्या. वर्गभर भाजलेल्या मिरचीचा ठसका भरला होता.

एकटी किर्ती शिंकत नव्हती.

हातात पेन तसंच. नजर वर्गाच्या कोपऱ्यात. वेळ संपली तेव्हा तिचा पेपर कोरा होता.

"काय केलंस हे?" नूपुरने तिला गदागदा हलवलं.

"उठता येत नाहीये मला. मी बसते म्हणालेय ना..." आणि मग भानावर येऊन ती जिन्यातच रडायला लागली. "मला सगळं येत होतं गं. सगळं येत होतं."

नूपुर तिला घरी घेऊन आली. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि पाटी तशीच टाकून तडक डंक गाठला. काका आधी टाळत होते. मग बोलले.

"वडिलांकडून ऐकलेलं सांगतो. ती बाईसुद्धा कोणाच्या तरी मसाल्यापाशी बसली होती. जी सांगून गेली ती आलीच नाही. ही बसल्या जागीच वारली. कोण होती, कुठली होती, देव जाणे. म्हणून तर तो डंक बंद ठेवलाय."

"मग माझ्या पोरीने काय करायचं?"

"बसलेल्याला दुसऱ्या कोणीतरी त्याच्या जागी बसून सोडवायचं, वहिनी. दुसरं काय सांगू?"

पुढचा पेपर दुपारचा होता. मावशीने किर्तीला कॉलेजच्या फाटकात सोडलं, गालावरून हात फिरवला आणि आठवडी बाजाराला निघावं तशी लालबागला गेली. काका समोर होते. मावशी त्या स्टुलावर बसली आणि मोठ्याने म्हणाली, "बाय, माझ्या लेकीला सोड. तिचा पेपर हाय. मी बसते तुझ्या मसाल्यापाशी."



पट्टा नसलेला तो डंक...

धप्. एकदाच.

त्याच सुमाराला परळला किर्तीने पेन उचललं. पुरवण्या मागून मागून लिहिलं. घरी येऊन झोपली ती दुसऱ्या दिवशी उठली. कोरा पेपर नंतर पुन्हा दिला, तोही सुटला. आज ती ग्रॅज्युएट आहे. दादरला एका ऑफिसात लागलीय.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती हसत सांगितली असती.

मावशी सकाळी मासळी विकते, बोलते, हिशोबाला पक्की आहे. पण दुपार झाली की भिंतीला टेकून बसते. हाक मारली तर ओ देते. उठत मात्र नाही. किर्तीने कितीदा तरी पाय धरले, की मी परत जाते, तुला सोडवते. मावशीने तिला स्वतःची शपथ घातलीय.

गेल्या महिन्यात मी दुपारचा गेलो होतो. मावशी फार थकलेली दिसली. मी जवळ बसलो, तिचे पाय चेपायला लागलो. लहानपणी हिच्याच पाठीवर बसून मी आख्खी चाळ हिंडलोय.

तिने माझ्याकडे बघितलं. अनोळखी माणसाशी बोलावं तशी आर्जवाने म्हणाली, "बाळा, जरा बसतोस का रे माझ्याऐवजी?"

'हो' माझ्या ओठांवर आलं होतं. किर्तीने झडप घालून माझं तोंड दाबलं. मावशी आमच्याकडे बघत राहिली, मग पुन्हा कोपऱ्याकडे वळली.

मी चपला घातल्या आणि निघून आलो.

मावशीने जन्मात माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही. तेव्हापासून मी तिच्याकडे फक्त सकाळी जातो.